दिव्याखालचे अष्टागर

"यंदा दिवाळी अंकासाठी काय लिहितोस?" असे ताईने विचारले, आणि मी "विजेच्या तारांवर" असे उत्तर दिले, तेव्हा हातातला सोऱ्या परातीत ठेवून ती हसू लागली. "तारांवर कावळे बसतात. त्यावर काय लिहायचं असतं?" ताई ब्याऐंशी वर्षांची आहे आणि मी चौऱ्याहत्तरांचा. या वयात थोरल्या बहिणीशी वाद घालण्यात अर्थ नसतो, म्हणून मी गप्प बसलो. परंतु २०२० च्या जूनमध्ये याच तारा जमिनीवर पडल्या, तेव्हा तिचाच जीव कसा टांगणीला लागला होता, ते मी विसरलेलो नाही. तीही विसरलेली नसावी. या लेखाचे मूळ त्या सतरा दिवसांत आहे.

आमचे घर चौलला, म्हणजे अष्टागराच्या दक्षिण टोकाला. जवळच रेवदंड्याची खाडी, आणि त्या खाडीत येऊन मिळते ती कुंडलिका नदी. नोकरीची एकतीस वर्षे मी याच नदीकाठी, वरच्या अंगाला रोह्यास, मुलांना इतिहास शिकवला. विजेचे शास्त्र मला कळते तेवढेच, जेवढे एखाद्या जिज्ञासू मास्तराला कळावे. पण विजेलाही इतिहास आहे, आणि त्या इतिहासाचा मोठा भाग आमच्या जिल्ह्यातून गेला आहे. किंबहुना तो आमच्या डोक्यावरून गेला आहे, असे म्हटले तर अधिक खरे होईल.

दिवाळीच्या पणतीपासूनच आरंभ करू. पणतीचे तेल घरात, वात घरात आणि उजेडही घरातच. शेजाऱ्याची पणती विझली म्हणून आपली विझत नाही. विजेचा दिवाही प्रथम असाच, दाराजवळ जन्मला. एडिसनने १८८२ च्या सप्टेंबरात न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर जे वीजघर सुरू केले, त्याची वीज आसपासच्या काही गल्ल्यांपलीकडे जात नसे. जवळ करावी आणि जवळच वापरावी, हाच तेव्हाचा नेम होता. मुंबईतील कापड गिरण्याही आपापल्या आवारात कोळसा जाळून आपापली वाफेची यंत्रे चालवीत. १९०५ साली वाडीबंदरला शहराचे पहिले लहानसे वीजघर झाले, तेही शहराच्या पोटातच. आज ज्याला मोठमोठ्या सभांतून 'विखुरलेली वीजनिर्मिती' म्हणतात, ती या अर्थाने विजेची बाळपणाची अवस्थाच होय.

अष्टागराशी विजेची पहिली गाठ पडली ती मोठ्या गमतीदार रीतीने. मुंबईत कुलाब्याला पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद ठेवणारी जुनी वेधशाळा होती. शहरात घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेच्या ट्राम येणार असे ठरले, तेव्हा तेथील शास्त्रज्ञांची झोप उडाली. रुळांतून वाहणाऱ्या विजेमुळे नाजूक चुंबकसूच्या थरथरणार, आणि कित्येक दशकांची अखंड नोंद बिघडणार! तेव्हा डॉ. नानाभाई मूस यांच्या देखरेखीखाली वेधशाळेचे चुंबकीय काम अलिबागेस हलविण्यात आले. १९०४ साली अलिबागेस नोंदी सुरू झाल्या, आणि काही काळ दोन्ही ठिकाणच्या नोंदी शेजारी शेजारी ताडून पाहिल्या गेल्या. नव्या इमारतीत लोखंड वापरू दिले नव्हते. १९०७ च्या मे महिन्यात मुंबईत विजेची ट्राम धावली, आणि इकडे अलिबागेत चुंबकसूच्या शांतपणे डोलत राहिल्या. ज्या गावी वीज नाही असे जवळचे गाव हवे, म्हणून अलिबागची निवड झाली. आमच्या अंधाराला एवढा मान पूर्वी कधी मिळाला नव्हता, आणि नंतरही मिळाला नाही.

यानंतर मात्र चित्र पालटले. गिरण्यांचा धूर आणि कोळशाचा खर्च या दोहोंवर उपाय म्हणून सह्याद्रीच्या पावसाची वीज करावी, हे स्वप्न जमशेटजी टाटांनी पाहिले होते. १९०४ साली ते निवर्तले. पण १९११ साली लोणावळ्यास कामाची कोनशिला बसली, आणि १९१५ च्या फेब्रुवारीत खोपोलीचे वीजघर सुरू झाले. घाटमाथ्यावर वळवण, शिरवटा व लोणावळा येथे पाणी अडवायचे, ते नळांतून सुमारे ५०० मीटर खाली सोडायचे, आणि त्याच्या जोरावर चाके फिरवायची, अशी ती योजना. तेथून सत्तर किलोमीटरांवरील परळपर्यंत तारा गेल्या. मागोमाग १९२२ साली भिवपुरी आणि १९२७ साली भिरा. वाचकांनी नकाशा काढून पाहावा. ही तिन्ही वीजघरे आजच्या रायगड जिल्ह्यात आहेत, तिन्ही सह्याद्रीच्या पायथ्याशी आहेत, आणि तिन्हींच्या तारांचे तोंड मुंबईकडे आहे.

भिऱ्याच्या दिव्याची किंमत घाटावरच्या लोकांनी मोजली. मुळा नदीवर मुळशीचे धरण बांधावयाचे, म्हणजे मावळातील पन्नासांहून अधिक गावांच्या जमिनींवर पाणी येणार होते. १९२१ साली पांडुरंग महादेव बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांच्या पुढाकाराने मावळे शेतकरी सत्याग्रहास बसले. बापटांना 'सेनापती' ही पदवी लोकांनी दिली ती याच लढ्यात. तीन वर्षे लोक तुरुंगात गेले, मार खाल्ला, आणि अखेर धरण झाले. रोह्याच्या शाळेत माझे एक सहशिक्षक होते. त्यांचे घराणे त्या पाण्याखाली गेलेल्या गावांपैकी एकातले. मुंबईस कधी त्यांच्यासोबत जाण्याचा योग आला, की बोरीबंदरचे दिवे पाहून ते म्हणत, "मास्तर, हा आमच्या भातखाचरांचा उजेड बरं का." बोलण्यात राग नसे. पण ऐकणाऱ्याला पुढे काही सुचत नसे.

आणखी एक नवल सांगतो. मुळेचे पाणी खरे म्हणजे भीमेत, मग कृष्णेत आणि शेवटी बंगालच्या उपसागरात जावयाचे. भिऱ्याच्या वीजघराने त्याची दिशाच बदलली. ते सह्याद्री उतरून कुंडलिकेत येते आणि आमच्या खाडीतून अरबी समुद्रास मिळते. वीजघरातून पाणी सुटले की नदी भरते. कोलाडला आज तरुण मंडळी रबरी नावा हाकतात, त्या याच पाण्यावर. म्हणजे मुंबईत पंखे फिरावेत म्हणून आमची नदी भरते. असे असूनही आमच्या लहानपणी चौलच्या आळीत कंदील आणि चिमण्या होत्या. १९६० साली राज्याचे वीज मंडळ स्थापन झाले, आणि त्यानंतर काही वर्षांनी आमच्या पडवीत पहिला चाळीसचा दिवा लागला. आजीने त्याला हळदकुंकू वाहिले, आणि रात्री झोपताना तो फुंकून विझवता येत नाही म्हणून थोडी नाराजही झाली.

दूरची वीज आली, आणि तिने पुष्कळ सुख दिले. हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. मोठ्या वीजघरात वीज स्वस्त पडते, धूर वस्तीपासून दूर राहतो, आणि एक वीजघर बंद पडले तर दुसरे मदतीला धावते. म्हणून शंभर वर्षे सारे जग याच वाटेने चालले. मात्र या वाटेत एक अडचण दडलेली होती. वीज दूरहून आणावयाची म्हणजे ती तारेतून आणावयाची, आणि तारेला मर्यादा असते.

ही मर्यादा कशी, ते समजून घेण्यासारखे आहे. दिवाळीत मुंबईहून कोकणाकडे निघालेल्या गाड्या वडखळच्या नाक्यावर कशा तुंबतात, हे आमच्याकडील प्रत्येकाने अनुभवले आहे. तारांतही अशीच कोंडी होते. फरक इतकाच, की गाड्या थांबून राहतात आणि वीज थांबत नाही. ती ज्या क्षणी निर्माण होते त्याच क्षणी वापरली गेली पाहिजे, आणि ती आपली वाट स्वतः निवडते. अमुकच तारेतून जा, असे तिला सहसा सांगता येत नाही. तारेतून जास्त वीज वाहू लागली की तार तापते, तापली की लांबते, आणि लांबली की दोन मनोऱ्यांच्या मध्ये खाली झोळ धरते. अमेरिकेत १४ ऑगस्ट २००३ रोजी ओहायो प्रांतात अशाच झोळ धरलेल्या तारा झाडांना टेकल्या, एकामागून एक वाहिन्या बंद पडल्या, आणि पाच कोटी माणसे अंधारात गेली. आपल्याकडे ३० व ३१ जुलै २०१२ रोजी उत्तर आणि पूर्व भारत अंधारात बुडाला, त्याच्याही मुळाशी बिना–ग्वाल्हेर या मार्गावरची कोंडी होती. एक वाट बंद झाली, की तिचा भार बाकीच्या वाटांवर पडतो. त्या आधीच भरलेल्या असल्या, तर त्याही हात टेकतात.

येथे थोडे अंकगणित करू. मुलांना शिकवताना मी ते फळ्यावर मांडत असे. तारेत उष्णतेच्या रूपाने जी वीज वाया जाते, ती प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह दुप्पट झाला तर नुकसान चौपट. आता हेच उलट वाचावे. एखाद्या गावाला शंभर भाग वीज लागते आणि ती सारी दूरहून येते. त्या गावाने चाळीस भाग आपल्याच छपरांवर किंवा ओढ्यावर निर्माण केले, तर तारेवर साठ भाग उरले. भार चाळीस टक्क्यांनी उतरला, पण तारेतील नुकसान शंभरावरून छत्तीसावर आले. नवी तार ओढावी लागली नाही, नवा मनोरा कोणाच्या शेतात उभा राहिला नाही, आणि कोंडी मात्र सुटली. विखुरलेल्या निर्मितीचे सारे मर्म या एका उदाहरणात आहे.

मुंबई हे या गणिताचे मोठे उदाहरण होय. तीन बाजूंनी पाणी आणि चौथ्या बाजूला दाट वस्ती, अशा शहरात नव्या तारा न्यावयाच्या तरी कोठून? म्हणून शहराने आपल्या पोटात आणि उशाशी वीजघरे ठेवली. ट्रॉम्बेला १९५६ साली औष्णिक केंद्र आले, पुढे १९९० नंतरच्या दशकात डहाणूला आले, आणि आमची खोपोली, भिवपुरी, भिरा होतीच. या सर्वांची बेरीज दोन हजार मेगावॉटच्या थोडी आत भरते. शहराची उन्हाळ्यातील मागणी मात्र आता चार हजारांच्या वर गेली आहे. उरलेली वीज मोजक्या अरुंद वेशींतून आत येते. आमच्या किनाऱ्यावर उरणला १९८२ पासून समुद्रातील वायूवर चालणारे केंद्र आहे, ते राज्याच्या जाळ्याला याच टोकाशी हातभार लावते. १९८१ साली मुंबईसाठी 'बेटीकरणा'ची योजना करण्यात आली. बाहेरचे जाळे कोसळू लागले, तर शहराने क्षणात स्वतःला तोडून घ्यावे, आणि आपल्याच वीजघरांवर बेटासारखे तगून राहावे, अशी ती युक्ती. ती अनेकदा उपयोगी पडली.

आता २०२० साल. त्या वर्षी चार महिन्यांच्या अंतराने दोन घटना घडल्या. एक आमच्या किनाऱ्यावर आणि एक मुंबईत. दोन्ही मी एकाच पडवीतून अनुभवल्या.

३ जून रोजी दुपारी निसर्ग वादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आले. टाळेबंदीचे दिवस, मुलगा मुंबईत अडकलेला, घरात ताई आणि मी दोघेच. तीन तास वाऱ्याचा जो आवाज ऐकला तो वर्णन करण्याच्या भरीस मी पडत नाही. संध्याकाळी दार उघडले, तेव्हा वाडीतल्या सुपाऱ्या काड्यांच्या पेटीसारख्या आडव्या झालेल्या दिसल्या. नारळ पडले होते, ते तारांवर. रस्त्यावरचे खांब मुळासकट वाकले होते. श्रीवर्धन–मुरुडपासून अलिबागपर्यंत अशीच दशा होती. आमच्या आळीत दिवा आला तो सतराव्या दिवशी. वायरमन लोक पावसात, चिखलात, परजिल्ह्यांतून येऊन राबत होते. त्यांना दोष देणाऱ्याच्या जिभेला हाड नसावे. पण हजारो खांब पडल्यावर एकेक उभा करायला दिवस लागणारच.

अंधाराचे आम्हाला काही वाटले नाही, कारण आमचे बालपण कंदिलात गेले. पाण्याचे वाटले, कारण विहिरीवरचा रहाट केव्हाच मोडीत निघाला होता आणि पंप मुका झाला होता. सर्वांत अधिक वाटले ते ताईच्या इन्सुलिनचे. ते थंड ठेवावे लागते. दोन दिवस मी बाटल्या ओल्या वाळूत मडके पुरून त्यात ठेवल्या, आणि दर तासाला उठून पाणी शिंपडले. तिसऱ्या दिवशी कळले, की गावातल्या डॉक्टरांकडे डिझेलचे जनित्र आहे. रस्ते बंद असल्यामुळे डिझेल मोजके होते. ते सकाळी दोन तास आणि संध्याकाळी दोन तास जनित्र चालवीत. त्यांच्या फ्रिजमध्ये आळीतल्या सात जणांच्या बाटल्या नावाच्या चिठ्ठ्या लावून ठेवलेल्या होत्या. आठवी ताईची झाली. ते घरघरणारे, धूर ओकणारे लहानसे यंत्र ज्या घरात होते, त्या घराच्या ओटीवर आमची सारी आळी सकाळ-संध्याकाळ जमत असे. कोणाचा फोन भारण्यासाठी, कोणाचे औषध तपासण्यासाठी. विखुरलेली निर्मिती म्हणजे काय, हे मला पुस्तकात कळण्याच्या आधी तेथे कळले.

शेजारच्या भाऊंच्या छपरावर त्याच्या आदल्या वर्षीच सौर पटले बसली होती. वादळात दोन उडाली आणि बाकीची शाबूत राहिली. पाचव्या दिवशी लख्ख ऊन पडले, तेव्हा आम्ही सारे त्यांच्या अंगणात धावलो. पण घरात दिवा लागेना! भाऊ बिचारे खजील झाले. मागाहून उलगडा झाला. जाळ्याला जोडलेले असे यंत्र, जाळ्यात वीज नसेल तर आपण होऊन बंद पडते. त्याने तसे करणेच योग्य, कारण बाहेर खांबावर चढलेल्या वायरमनला घरातून उलट गेलेली वीज प्राणघातक ठरेल. वीज हवी असेल तर जाळ्यापासून सुरक्षितपणे तोडून घेणारी सोय आणि बॅटरी लागते. ती भाऊंकडे नव्हती. छपरावर सूर्य तळपत होता आणि खाली माजघरात काळोख होता.

दुसरी घटना १२ ऑक्टोबरची. सकाळी दहा वाजून गेल्यावर मुलाचा फोन आला. "बाबा, इथली लाईट गेली. सगळीकडची गेली. गाड्यासुद्धा थांबल्यात." पडघे आणि कळवा यांच्या दरम्यानच्या मोठ्या वाहिनीचा एक मार्ग दुरुस्तीसाठी बंद होता, आणि भार वाहणाऱ्या दुसऱ्या मार्गावर बिघाड झाला. राहिलेल्या वाटांवर लोंढा आला, आणि त्याही एकेक करून बंद पडल्या. बेटीकरणाची युक्ती या वेळी टिकली नाही. शहराच्या आत त्या क्षणी चालू असलेली निर्मिती मागणीला पुरी पडली नाही. दोन हजार मेगावॉटहून अधिक मागणी एका झटक्यात अंधारात गेली. लोकलगाड्या जागच्या जागी थांबल्या, आणि करोनाच्या त्या दिवसांत रुग्णालयांना आपापल्या जनित्रांवर विसंबावे लागले. मग जी वीजघरे परत उभे राहण्यासाठी हाताशी आली, त्यांत सह्याद्रीच्या पायथ्याची जुनी जलविद्युत केंद्रेही होती. पाण्याचे चाक काही मिनिटांत फिरू लागते, कोळशाच्या भट्टीला तास लागतात.

मुलगा फोनवर सांगत होता आणि ताई शेजारी बसून ऐकत होती. तिने विचारले, "किती दिवस झाले म्हणावं?" मी म्हटले, "दिवस नाही ग, दोन तास." त्यावर ती काहीच बोलली नाही. फक्त कपाट उघडून तिने मुलासाठी ठेवलेला कंदील पुसायला घेतला. तो न्यायला तो येऊ शकणार नव्हता, हे तिलाही ठाऊक होते.

यानंतर मुंबईची वेस रुंद करण्याचे काम नेटाने पुढे गेले. २०२३ च्या ऑक्टोबरात खारघर ते विक्रोळी ही ४०० किलोव्होल्टची वाहिनी सुरू झाली, आणि सुमारे एक हजार मेगावॉट वीज शहरात येण्यास नवी वाट मिळाली. खारघरही आमच्याच जिल्ह्यात. शंभर वर्षांपूर्वी जशी खोपोलीची तार, तशी आज ही.

कोणी म्हणेल, मास्तर, तुमचा कल तारांच्या विरुद्ध दिसतो. तसे नाही. उरण तालुक्यातील घारापुरी बेटाची गोष्ट सांगतो. जगभरचे प्रवासी तेथील लेणी पाहून जात. पण बेटावरच्या शेतबंदर, मोरबंदर आणि राजबंदर या तीन वस्त्यांना वीज मिळे ती डिझेलच्या जनित्राची, संध्याकाळी काही तास. समोर मुंबईचा झगमगाट, आणि येथे रात्री मुलांची पुस्तके मिटलेली. २०१८ च्या फेब्रुवारीत समुद्रतळातून सुमारे साडेसात किलोमीटरची केबल आली, तेव्हा बेटावर चोवीस तासांची वीज पोचली. स्वातंत्र्याला सत्तर वर्षे होऊन गेली होती. त्या लोकांना जाऊन 'आपापली वीज आपण करावी' असा उपदेश करण्याचे धाडस मी करणार नाही. त्यांनी तेच वर्षानुवर्षे केले होते, आणि त्यांना तार हवी होती. तेव्हा तार की पणती, असा हा वादच नव्हे. तार हवी, आणि घरात पणतीही हवी.

अलीकडे सरकारनेही हीच दिशा धरलेली दिसते. शेतीच्या वाहिन्यांना दिवसा वीज मिळावी, म्हणून उपकेंद्रांच्या जवळपास लहान सौर केंद्रे उभारण्याची मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना राज्याने २०१७ साली आणली आणि २०२३ साली तिचा विस्तार केला. २०२४ च्या फेब्रुवारीत सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटच्या छपरासाठी अठ्ठ्याहत्तर हजार रुपयांचे अनुदान ठरविण्यात आले. यात भाबडेपणाने वाहून जाण्याचेही कारण नाही. सूर्य दुपारी तळपतो, आणि दिवे, टीव्ही, मिक्सर चालू होतात ते संध्याकाळी. एकाच आळीतल्या सर्वांनी पटले बसवली, तर भर दुपारी वीज उलट्या दिशेने वाहू लागते, गल्लीतल्या रोहित्राची मर्यादा ओलांडली जाते, आणि कोंडी सुटण्याऐवजी ती उलट बाजूने होते. यावर उपाय म्हणजे साठवण. घरोघरी बॅटरी, किंवा मग भिऱ्यासारखी व्यवस्था. भिऱ्याला १९९० नंतरच्या दशकात दीडशे मेगावॉटचे एक यंत्र आले. ते मागणीच्या वेळी वीज करते, आणि वीज शिल्लक असेल तेव्हा खाली आलेले पाणी पुन्हा डोंगरावर चढवते. पाणी खाली येते, वर जाते, पुन्हा खाली येते. हा शेंगदाण्याच्या डब्यासारखा प्रकार झाला. आई दुपारी भरून ठेवी आणि आम्ही संध्याकाळी संपवीत असू.

या उन्हाळ्यात आमच्या आळीची बैठक देवळाच्या ओट्यावर बसली. विषय असा, की शाळेच्या छपरावर पटले आणि बॅटरी बसवावी, आणि वादळ आले तर आळीचे पाणी, औषधांचा एक फ्रिज आणि फोन एवढे तरी त्यावर चालावे. कोणी म्हणाले, पुन्हा वादळ आले तर पटले उडतील. कोणी म्हणाले, एवढ्या पैशात देवळाचा कळस होईल. भाऊंनी आपल्या छपराची गोष्ट सांगून सर्वांना सावध केले. जाळे बंद पडल्यावरही चालेल अशीच सोय घ्या, नाहीतर माझ्यासारखे उन्हात बसून काळोख बघाल. मी शंभर, साठ आणि छत्तीसाचे गणित मांडून पाहिले, पण त्याचा फारसा परिणाम झालेला दिसला नाही. मग ताई उठली. सभेत बोलण्याची तिची ही पहिलीच वेळ. ती म्हणाली, "डॉक्टरांच्या फ्रिजात आठ बाटल्या होत्या. डॉक्टर आता गाव सोडून मुलाकडे गेले. पुढल्या वादळात माझी बाटली कोण ठेवणार?"

वर्गणीची वही त्याच दिवशी निघाली. रक्कम अजून पुरी जमलेली नाही. परंतु लाकडी चौकट बसवून वाऱ्याला तोंड देईल असा कोन धरण्याची खटपट आमचा सुतार आत्तापासून करीत आहे, आणि नारळाचे झाड कोठे पडू शकेल, हे त्याने दोरी धरून मोजून पाहिले आहे. लोखंड लागेल म्हणतात. अलिबागच्या वेधशाळेला त्याचा त्रास होणार नाही इतके अंतर चौलला आहे, असे मी त्याला गमतीने सांगितले. त्याला ती गंमत कळली नाही, आणि मला ती समजावून सांगण्यास अर्धा तास लागला.

इतिहास शिकविणाऱ्याला एक सवय जडलेली असते. नवे काही पुढे आले, की ते जुन्यातले कशाचे रूप आहे हे तो शोधू लागतो. वीज दारात जन्मली, दूर गेली, दूरहून मोठी होऊन आली, आणि आता तिचा काही भाग पुन्हा दारी परतू पाहत आहे. मधल्या शंभर वर्षांत कोणाची भातखाचरे पाण्याखाली गेली, कोणाच्या डोक्यावरून तारा गेल्या आणि कोणाच्या आळीत दिवा उशिरा आला, याचा हिशेब या परतीच्या वाटेवर कोणी तरी मांडलाच पाहिजे. नव्या वाहिनीचा मनोरा ज्याच्या शेतात उभा राहतो, त्याच्या पडवीत निदान दिवा अखंड जळावा, एवढी अपेक्षा काही फार नव्हे.

हे लिहीत असता बाहेर अंधार पडला आहे. ताईने तुळशीपाशी पणती लावली आहे, आणि आकाशकंदिलाचे बटण लावायला मला हाका मारीत आहे. आकाशकंदिलातली वीज कोठून आली, भिऱ्याची की ट्रॉम्बेची की आणखी कोठली, हे सांगता येणार नाही, कारण तारेत सगळे पाणी एकत्र मिसळलेले असते. पणतीचे तेल मात्र आमच्या वाडीतल्याच नारळाचे आहे. वादळातून वाचलेल्या चार झाडांपैकी एकाचे.